गुऱ्हाळ नसेल तर गॅसवर काकवी

आमच्याकडचं, म्हणजे कराडजवळचं, गुऱ्हाळ बंद झाल्यापासून काकवी, म्हणजे उसाच्या रसाचा पातळ गूळ, मी घरीच करते. रसवंतीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा: दहा लिटर रस, त्यात बर्फ, आलं, लिंबू काही नको. सकाळी चरक धुतला की पहिला घाणा आपला. वाढ्याकडची, म्हणजे उसाच्या शेंड्याकडची, दोन-तीन कांडी काढून टाकायला लावा, तिथला रस खारट असतो.

रस आणला की लगेच गाळून चुलीवर. "दुपारी बघू" म्हणालात तर आंबलाच. आपल्याकडं साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या वीज करतात. बार्बाडोस बेटावरची मॉर्गन लुईस पवनचक्की मात्र उसाचा चरकच फिरवायची. तिथंही रस ठेवून चालत नसे. वारा असेतोवर ऊस पिळायचा आणि रस लागलीच कढईघरात. त्या बेटावर ही कामं 1834 साली कायद्यानं गुलामी संपेपर्यंत गुलामांकडून करून घेत. चरकात हात अडकला तर तोडायला कुऱ्हाड जवळच ठेवलेली असे. रसवंतीवर पोरांना चरकाजवळ अजिबात जाऊ देऊ नका.

पातेलं मोठं, जाड बुडाचं घ्या, निम्मंच भरा. रस फसकन वर येतो. भेंडीची दोन-तीन ताजी खोडं ठेचून पाण्यात चोळा आणि ते बुळबुळीत पाणी कोमट रसात घाला. आता आच मंद. उकळी फुटायच्या आधी काळपट मळीचा जाड थर वर येतो, तो झाऱ्यानं अलगद काढा. ढवळायचं नाही, ढवळलं की मळी परत रसात. मळी पुरती निघाल्याशिवाय आच वाढवू नका. काकवीचा रंग इथंच ठरतो, बाकी नुसतं आटवणं.

पांढरा फेस जाऊन मोठे पिवळट बुडबुडे आले की पातेल्यापासून हलू नका. उलथनं उचलून धरा. शेवटचा थेंब ओघळताना अडखळायला लागला की झाली. थर्मामीटर असेल तर 105-106 अंश सेल्सिअस. 118 च्या आसपास गेलात तर गूळच होईल. तोही वाईट नाही म्हणा!

गरम असतानाच गाळा, पूर्ण निवल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरा. अडीच किलोच्या आसपास भरते. बरणीत ओला चमचा घालणाऱ्याला काकवी वाढू नये.