फिफ्थ व्हील ओढणारा जुना पिकअप बदलताना: आधी वजनकाटा, मग शोरूम

पिकअप पंधरा-वीस वर्षांचा झाला, चढावर गिअरबॉक्सचं तापमान वर जाऊ लागलं आणि फ्रेमवर गंजाचे पापुद्रे सुटू लागले, की अमेरिकेत आरव्ही, म्हणजे फिरतं घर, घेऊन फिरणाऱ्यांच्या शोरूमच्या फेऱ्या सुरू होतात. तिथे पहिला प्रश्न असतो, "हा किती पौंड ओढतो?" तो प्रश्न नंतर विचारला तरी चालेल. आजचे हेवी ड्यूटी डिझेल पिकअप बहुतेक आरव्ही ओढून नेतात. अडतं ते पाठीवर किती पेलायचं तिथे. फिफ्थ व्हील म्हणजे पुढची पिन पिकअपच्या हौद्यातल्या हिचमध्ये, म्हणजे जोडणीच्या यंत्रात, अडकवून ओढायचा ट्रेलर. त्याच्या एकूण वजनापैकी साधारण 20 ते 25 टक्के त्या हिचवर येतं. त्याला पिन वजन म्हणतात. मागच्या बॉलला जोडायच्या ट्रॅव्हल ट्रेलरचं 10 ते 15 टक्के येतं.

हा मजकूर मुख्यतः फिफ्थ व्हीलवाल्यांसाठी आहे. आकडे पौंडात आणि फुटांत दिलेत, कारण गाडीच्या दारावर आणि काट्याच्या पावतीवर तेच छापलेले असतात.

जुना पिकअप विकण्याआधी काट्यावर न्या

ट्रेलरच्या माहितीपत्रकातलं पिन वजन कोऱ्या, रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात पाणी नाही, भांडीकुंडी नाहीत, पुढच्या कपाटातल्या बॅटऱ्या नाहीत आणि तांदळाची गोणीही नाही. फिफ्थ व्हीलची बरीचशी साठवण पुढच्या बाजूला असल्यामुळे सामान भरल्यावर पिन वजन अंदाजापेक्षा जास्तच वाढतं. म्हणून आपल्याच ट्रेलरचं वजन आपणच करायचं. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. तिथे तीन पट्ट्या असतात आणि प्रत्येकीचं वजन पावतीवर वेगळं छापून मिळतं.

प्रवासाला निघताना असतो तसा पूर्ण भरलेला ट्रेलर, डिझेलची भरलेली टाकी आणि सगळी माणसं गाडीत, अशा अवस्थेत जा. पिकअपची पुढची चाकं पहिल्या पट्टीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर. मग पार्किंगमध्ये ट्रेलर सोडा आणि नुसता पिकअप त्याच माणसांसह परत काट्यावर घ्या. त्याच काट्यावर 24 तासांच्या आत केलेलं दुसरं वजन स्वस्तात होतं.

समजा, ट्रेलर जोडलेला असताना पावतीवर पुढे 5,100, मागे 6,060 आणि ट्रेलरच्या चाकांवर 10,900 आले. नुसत्या पिकअपचे पुढे 4,960 आणि मागे 3,120. म्हणजे पिकअप 8,080 वरून 11,160 वर गेला. फरक 3,080, हेच पिन वजन. त्यात 10,900 मिळवले की ट्रेलर 13,980 पौंडांचा, आणि पिन 22 टक्के.

आता जुन्या पिकअपचं चालकाचं दार उघडून चौकटीवरचं लेबल वाचा. पाऊण टनी (2500 किंवा एफ-250) गाडीवर समजा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सामानासकट गाडीचं कमाल वजन, 9,000 आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा 6,084. अ‍ॅक्सल जेमतेम 24 पौंडांनी वाचला, पण गाडी 2,160 पौंडांनी जास्त भरली आहे. अशा गाडीचा गिअरबॉक्स तापला तर दोष नुसत्या वयाला देऊन चालणार नाही. तोच वर्ग पुन्हा घेतला तर दुखणं नव्या गाडीत जाईल.

स्प्रिंगच्या मदतीला हवेच्या पिशव्या (एअरबॅग) किंवा जादा पाटे बसवले तर मागची बाजू उचलली जाते, पण लेबलवरचा आकडा बदलत नाही.

उलट, वजनं मर्यादेत असतील, फ्रेम धडधाकट असेल आणि फक्त गिअरबॉक्स गेला असेल, तर तो बांधून घेणं नव्या गाडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. हा हिशेब आधी करा.

पाऊण टन, एक टन ही नुसती नावं आहेत

2500 आणि एफ-250 म्हणजे पाऊण टन, 3500 आणि एफ-350 म्हणजे एक टन. ही नावं जुन्या काळातली आहेत आणि आजच्या पेलोडशी, म्हणजे गाडी पाठीवर किती वजन पेलते त्याच्याशी, त्यांचा संबंध उरलेला नाही. खरा आकडा त्याच गाडीच्या दारावर असतो. 10,000 पौंडांपर्यंत जीव्हीडब्ल्यूआर असलेल्या गाडीवर टायरच्या माहितीचं पिवळं-पांढरं लेबल असतं, आणि माणसं व सामान मिळून किती चालेल ते त्यावर थेट छापलेलं असतं. 10,000 च्या वरच्या गाडीवर ते नसेल, तर जीव्हीडब्ल्यूआरमधून काट्यावरचं नुसत्या गाडीचं वजन वजा करा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत सनरूफ, फोर व्हील ड्राइव्ह आणि महागड्या ट्रिममुळे शेकडो पौंडांचा फरक पडतो. म्हणून विक्रेत्याकडून "त्याच" गाडीच्या दाराचा फोटो मागा. तो माहितीपत्रकातलं पान पाठवील. ते उपयोगाचं नाही.

वरच्या ट्रेलरसाठी बेरीज अशी होते: पिन 3,080, हिच 200, दोन माणसं आणि कुत्रा 380, हौद्यातली हत्यारं आणि जनरेटर 250, हौद्याचं झाकण आणि रबरी चटई 120. एकूण 4,030 पौंड.

क्रू केबिन, फोर व्हील ड्राइव्ह, डिझेल अशा पाऊण टनी गाडीचा पेलोड बहुधा 2,000 ते 2,500 च्या घरात असतो. इथे तो निम्म्यालाच संपतो. मागे दोनच चाकं असलेली एक टनी गाडी साधारण 3,500 ते 4,300 देते, म्हणजे काठावर. मागे चार चाकं असलेली ड्युअली 5,000 च्या वर जाते. 14,000 पौंडांच्या ट्रेलरला आमच्या मते ड्युअलीच योग्य. बाजूच्या वाऱ्यात आणि मोठा ट्रक शेजारून गेल्यावर ती कमी डोलते. पंक्चर झालंच तर मागे तीन चाकं उरतात. तोटे म्हणजे ती रुंद असते, दुकानाच्या पार्किंगमध्ये नकोशी होते, आणि चाराऐवजी सहा टायर बदलायचे असतात.

ट्रेलर 10,000 पौंडांचा असेल तर चित्र वेगळं. 22 टक्क्यांनी पिन 2,200, बाकीचं धरून 3,000 च्या आसपास. पेट्रोल इंजिनाची पाऊण टनी गाडी इथे लेबल बघून चालू शकते, कारण डिझेल इंजिन त्याच्या जोडसामानासह शेकडो पौंड जड असतं आणि ते पेलोडमधूनच जातं.

डिझेल की पेट्रोल

जुना पिकअप 2007 च्या आधीचा डिझेल असेल तर नव्याच्या सवयी निराळ्या. नव्यात धुराची जाळी, म्हणजे डीपीएफ, आणि धूर शुद्ध करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचं 32.5 टक्के युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ, हे दोन्ही असतात. जाळी साफ होण्यासाठी इंजिनाला लांब, गरम फेरी लागते. पिकअप रोज फक्त मुलांना शाळेत सोडायला आणि वर्षातून दोनदा ट्रेलर ओढायला असेल, तर जाळी भरते, सेन्सर तक्रार करतात आणि बिल मोठं येतं. असा वापर असेल तर पेट्रोल घ्या. डीईएफ उणे 11 अंश सेल्सियसला गोठतं. टाकीला हीटर असतो, त्यामुळे त्याने गाडी अडत नाही. खरा धोका डीईएफच्या निळ्या झाकणाचा आणि डिझेलच्या झाकणाचा घोळ होण्याचा आहे. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर इंजिन सुरू करू नका, चावीही फिरवू नका, गाडी टो करून घ्या. पंप आणि इंजेक्टर वाचवण्याचा तोच मार्ग आहे.

डोंगरात डिझेलचे दोन फायदे ठळक दिसतात. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर 1,000 फुटांना सुमारे 3 टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे 11,000 फुटांवर आहे. फोर्डच्या 7.3 लिटरच्या 430 अश्वशक्तीच्या इंजिनात तिथे 300 च्या आसपास उरतात. दुसरा फायदा उताराचा. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक ट्रेलरसकट वेग धरून ठेवतो आणि ब्रेक गार राहतात. पेट्रोल गाडी उतारावर टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर बदलण्याची रीत बदलणारं बटण) आणि खालच्या गिअरवर उतरवावी लागते, आवाज ऐकून घाबरू नका. चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा खंडाळ्याच्या घाटातला ट्रकवाल्यांचा नियम रॉकीजमध्येही लागू पडतो.

पेट्रोल घेणार असाल तर अ‍ॅक्सलचं गुणोत्तर बघा. आकडा मोठा तितका ओढण्याचा जोर जास्त. 3.73 आणि 4.30 यांत चढावर मोठा फरक जाणवतो, आणि ते नंतर बदलणं खर्चिक असतं.

कंपन्या ओढण्याचा आकडा एसएई जे2807 पद्धतीने काढतात. अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ, 100 अंश फॅरनहाइट उष्णता, एसी चालू, आणि वेग मागे दोन चाकं असलेल्या गाडीने 40 मैलांच्या, ड्युअलीने 35 मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. कसोटी चांगली आहे, पण त्यात दोनच माणसं धरलेली असतात. तुमचा संसार त्यात नाही.

वापरलेला पिकअप घेताना

गंज हा पहिला शत्रू. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क या बर्फासाठी रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांत वाढलेली गाडी वरून चकचकीत असते. खाली झोपून मागच्या पाट्यांच्या कड्या, फ्रेमचे वळणाचे भाग आणि ब्रेकच्या नळ्या टॉर्च लावून बघा. फ्रेमवर हातोडी हलकी वाजवा. ठणठणीत आवाज हवा. बद्द आवाज आला, पापुद्रा निघाला तर तिथून निघा.

इंजिन बघायला जाल तेव्हा ते गार असायला हवं. मालकाने "गरम करून ठेवली आहे" म्हटलं तर दुसऱ्या दिवशी या. तेलाचं झाकण सैल करून वाफ किती जोरात येते ते पाहा. डॅशबोर्डवर इंजिनाचे तास बघा. मैल भागिले तास हे 30 च्या खूप खाली असेल तर गाडी बराच वेळ उभी राहून चालली आहे, मैल कमी दिसले तरी इंजिन जास्त झिजलेलं असू शकतं.

नेमक्या वर्षांचे दोष माहीत असू द्या. फोर्डच्या 2003 ते 2007 मधल्या 6.0 लिटर डिझेलची हेड गॅस्केट आणि ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर गार करणारा भाग) ही बदनाम आहेत. जनरल मोटर्सच्या 2001 ते 2004 मधल्या ड्यूरामॅक्स डिझेलमध्ये इंजेक्टर गेले की खर्च मोठा. बॉशचा सीपी4 हा इंधनाचा पंप 2011 पासूनच्या फोर्ड 6.7 मध्ये, 2011 ते 2016 च्या ड्यूरामॅक्समध्ये आणि 2019-20 च्या रॅममध्ये होता. तो फुटला तर धातूचा भुगा टाकीपासून इंजेक्टरपर्यंत पसरतो आणि सगळी इंधन यंत्रणाच बदलावी लागते. अशी गाडी घेताना फिल्टर उघडून चकाकता भुगा आहे का ते मेकॅनिककडून बघून घ्या. रॅमच्या 2019-20 च्या गाड्यांना या पंपासाठी रिकॉल होता. चासी क्रमांक एनएचटीएसए या अमेरिकी वाहन सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर टाकून तो झाला का ते तपासा.

धुराची यंत्रणा काढून टाकलेली, म्हणजे "डिलीट" केलेली गाडी स्वस्त आणि जोरदार असते. फेडरल कायद्यानुसार ते बेकायदा आहे, आणि कॅलिफोर्नियात ती स्मॉग चाचणीत पास होणार नाही. घेऊ नका.

हौद्याची उंची आणि लांबी

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. नव्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांचा हौदा जुन्यापेक्षा उंच असतो. जुन्या गाडीवर सरळ बसणारा ट्रेलर नव्यावर नाक वर करून उभा राहतो, वजन त्याच्या मागच्या अ‍ॅक्सलवर सरकतं आणि तिथले टायर फुटतात. खरेदीआधी ट्रेलर पातळीत उभा करून पिन बॉक्सच्या, म्हणजे पिन बसवलेल्या पुढच्या भागाच्या, तळाची जमिनीपासूनची उंची मोजा, आणि नव्या गाडीत हिचचा पृष्ठभाग किती उंच येतो ते मोजा. हिच एक भोक खाली घेता येतो, पण हौद्याच्या कडेपासून ट्रेलरच्या तळापर्यंत निदान 6 इंच मोकळे राहिले पाहिजेत. नाहीतर खडबडीत फाटकातून जाताना कड चेपते. तरी नाक वर राहिलंच तर ट्रेलर उंच करावा लागतो. स्प्रिंगवरून अ‍ॅक्सल काढून खाली घेणं किंवा फ्रेम आणि हँगरमध्ये ठोकळे वेल्ड करणं ही कामं आरव्हीच्या दुकानातच करून घ्या.

लांबीचं गणित सोपं. ट्रेलर 102 इंच रुंद असेल तर त्याची अर्धी रुंदी 51 इंच. काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनकडे येतो. हिचच्या केंद्रापासून केबिनच्या मागच्या भिंतीपर्यंत 51 पेक्षा कमी असेल तर काच फुटण्याची भीती. 8 फुटी हौद्यात ही काळजी जवळजवळ नसते. 6.5 फुटी हौद्यात सरकता हिच किंवा वेगळा पिन बॉक्स लागतो. घराच्या गॅरेजात लांब गाडी बसते का तेही टेपने मोजून घ्या.

कारखान्यातून फिफ्थ व्हीलची तयारी करून घ्या. नवी गाडी पक्ससह, म्हणजे हौद्याच्या तळात हिच अडकवायच्या तयार जागांसह, घेतलीत तर हिचच्या रेल्स भोकं पाडून बसवाव्या लागत नाहीत. पक्सची रचना कंपनीनुसार वेगळी असते. फोर्डचा हिच रॅममध्ये सरळ बसेल असं समजू नका. हौद्यातला, ट्रेलरच्या दिव्यांचा आणि ब्रेकचा सात पिनचा सॉकेटही याच वेळी मागवा.

लायसन्स आणि कर

मोठा ट्रेलर खाजगी असला तरी राज्याचा नियम बघा. कॅलिफोर्नियात 10,000 ते 15,000 पौंडांच्या फिफ्थ व्हीलला लायसन्सवर वेगळी नोंद आणि 15,000 च्या वर बिगरव्यावसायिक क्लास ए लायसन्स लागतं. टेक्सासमध्ये जोडगाडी 26,000 च्या वर आणि ट्रेलर 10,000 च्या वर गेला की तसंच क्लास ए. जुनी गाडी डीलरला दिली तर पुष्कळ राज्यांत विक्रीकर फरकावरच लागतो. कॅलिफोर्निया ही सवलत देत नाही, तिथे खाजगीत विकणं बहुधा फायद्याचं.

ट्रेलर पहिल्यांदा जोडताना

नव्या गाडीला लगेच ट्रेलर जोडू नका. कंपन्या पहिले 500 ते 1,000 मैल सोडायला सांगतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. हिचचे बोल्ट टॉर्क रेंचने घट्ट करा.

जुन्यात ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर बाहेरून लावलेला होता, नव्यात तो आतच असतो. ट्रेलरला इलेक्ट्रिक ओव्हर हायड्रॉलिक (विजेच्या इशाऱ्यावर तेलाच्या दाबाने लागणारे) ब्रेक असतील तर मेनूत तोच प्रकार निवडा. सर्वसाधारण इलेक्ट्रिकची सेटिंग राहिली तर ब्रेक एकतर उशिरा लागतात किंवा लागतच नाहीत. मग मोकळ्या, कोरड्या, सपाट जागी ताशी 25 मैलांवर फक्त कंट्रोलरची हाताची कळ दाबा. चाकं घसटत थांबेपर्यंत गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, वाढवा, आणि तिथून थोडा कमी करा.

हिचचा जबडा बंद झाला की ट्रेलरचे पाय जमिनीवर असतानाच गाडी हलकीच पुढे ओढून बघा. पिन जबड्यात नीट बसली नसेल तर ती इथेच निसटते, हायवेवर नाही. ब्रेकअवे केबल पिकअपला अडकवा, हिचला नको. हिच सुटला तर केबल ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक लागायला हवेत.

ट्रेलरचे टायरही बघा. बाजूला छापलेल्या डीओटी क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नवी चाकं लावली असतील तर 50 ते 100 मैलांनी नट पुन्हा टॉर्क करा. पहिल्या फेरीत वाटेत काटा लागला की पुन्हा एकदा वजन करा आणि ती पावती ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.