चाळिशीत करिअर बदलायचंय? सल्ल्यावर पैसे घालण्याआधी एवढं करा

करिअर कौन्सेलरला फोन लावण्याआधी एक वही घ्या आणि तिच्यात लिहा: मला नेमकं काय कळत नाहीये? ‘मी आता काय करू?’ एवढं लिहून भागणार नाही. त्या एका वाक्यात चार वेगवेगळे प्रश्न असतात. मला काय जमेल आणि काय आवडेल, हा पहिला. ज्या कामावर माझा डोळा आहे ते आतून कसं असतं, हा दुसरा. या वयात, या शिक्षणावर तिथे मला घेतील का, हा तिसरा. आणि घेणार असतील तर त्यांच्यापुढे स्वतःला मांडायचं कसं, हा चौथा. पहिल्या तीन प्रश्नांची बरीचशी उत्तरं फुकट मिळतात. चौथ्यासाठी कधीकधी पैसे मोजावे लागतात, पण तेही बहुतेकदा तासा-दोन तासांचेच. महागडी पॅकेजं विकली जातात ती हे चारही प्रश्न एकाच गाठोड्यात बांधून, म्हणून आधी ते सुटे करायचे.

मी औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये होते. सॅम्पल तपासायचं, निकाल नोंदवायचे, काही बिघडलं की डिव्हिएशन रिपोर्ट लिहायचा, ऑडिटरला उत्तरं द्यायची. चाळिशी ओलांडल्यावर तिथून निघून रेग्युलेटरी रायटिंगमध्ये आले, म्हणजे औषधाच्या मंजुरीसाठी नियामकांकडे जी कागदपत्रं जातात ती तयार करण्याच्या कामात. मुलं शिकत होती, कर्जाचे हप्ते चालू होते, सल्ल्यावर मोठा खर्च करणं परवडणारं नव्हतं. आता याच वळणावर उभी असलेली माणसं मला विचारायला येतात. त्यांना मी जे सांगते तेच इथे लिहितेय.

पदाचं नाव खोडा, काम लिहा

वहीच्या दुसऱ्या पानावर गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत ते लिहा. पदनाम लिहू नका. ‘क्यूसी अ‍ॅनालिस्ट’ म्हटलं की लॅबबाहेरच्या माणसाला काहीच बोध होत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही होत नाही. ‘डिव्हिएशन रिपोर्ट लिहिला’ ही एकच ओळ मी उलगडायला घेतली तेव्हा तिच्यातून काय निघालं बघा: घडलेली गोष्ट क्रमाने मांडली, इतर विभागांकडून माहिती काढून घेतली, मूळ कारण शोधलं, प्रत्येक विधानाला पुरावा जोडला, बाहेरच्या तपासनिसाला कळेल अशा भाषेत सगळं लिहिलं आणि ठरलेल्या मुदतीत सही घेऊन फाइल बंद केली. यातलं लॅबशी बांधलेलं फारसं काहीच नाही. ही यादी नीट उतरली की पुढच्या प्रत्येक सल्लागाराचा अर्धा वेळ वाचतो. तो वेळ तुमच्या पैशाचा असतो, हे लक्षात ठेवा.

यादी हातात आली की ओ-नेट (O*NET) ही साइट उघडा. अमेरिकेच्या श्रम खात्याने तयार करवलेला हा व्यवसायांचा माहितीसंग्रह आहे. कुठूनही, काहीही न भरता वापरता येतो. ९०० हून जास्त व्यवसायांची रोजची कामं, लागणारी कौशल्यं, वापरली जाणारी साधनं तिथे तपशिलात दिली आहेत, आणि प्रत्येक व्यवसायाखाली त्याला जवळची कामंही दाखवली आहेत. मला ही शेवटची सोय सगळ्यात मोलाची वाटते, कारण ज्या पदांची नावंसुद्धा आपण ऐकलेली नसतात ती तिथे सापडतात. पगाराचे आणि पात्रतेचे तपशील मात्र अमेरिकेचे असतात, ते सोडून द्या. युरोपीय आयोगाची एस्को (ESCO) ही व्यवसाय-कौशल्यांची यादीही अशीच फुकट आहे आणि २८ भाषांत आहे. एकच कौशल्य कुठकुठल्या व्यवसायांत लागतं हे तिथे बघता येतं.

ओ-नेटवर आवडीनिवडींची एक चाचणीही आहे, ६० प्रश्नांची. ३० प्रश्नांचा छोटा प्रकारही मिळतो. जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर ती बेतलेली आहे. त्यात कामाच्या आवडीचे सहा गट धरलेत: हाताने करायची कामं, शोध घेण्याची कामं, कलेची, माणसांना मदत करण्याची, माणसं आणि व्यवहार पुढे नेण्याची, आणि नोंदी-आकडे सांभाळण्याची. अशाच चाचण्या कित्येक ठिकाणी चांगले पैसे घेऊन दिल्या जातात. तेव्हा आधी ही फुकटची सोडवा आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, की ती कल सांगते, कुवत सांगत नाही. मायर्स-ब्रिग्जसारखी व्यक्तिमत्त्व चाचणी कोणी ‘तुमचं करिअर सांगते’ म्हणून पुढे केली तर सावध राहा. ती नोकरभरतीसाठी वापरू नये, असं ती चाचणी पुढे नेणारी संस्थाच सांगते.

माणसांशी बोला, आणि ओळखीच्या ओळखीतल्यांशी आधी

माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही कौन्सेलरकडे नसतं. ते काम करणाऱ्यांकडेच असतं.

जवळच्या मित्रमंडळींना विचारलं की तेच ते ऐकायला मिळतं, कारण आपल्याला जे माहीत असतं तेच त्यांनाही माहीत असतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये हे दाखवून दिलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, की त्या माणसाशी तुमची तेव्हा कितपत भेट व्हायची? वारंवार, असं सांगणारे १७ टक्क्यांच्या आसपास होते. बाकीच्यांची गाठ अधूनमधून किंवा क्वचितच पडायची. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातही नोकरीबदलाला सर्वांत उपयोगी ठरली ती फार घट्ट नसलेली, पण अगदीच तुटकही नसलेली ओळख. म्हणून जुने सहकारी, कॉलेजच्या वर्गातले मागच्या बाकावरचे, नातेवाइकांच्या ऑफिसातले, अशांची यादी करा.

निरोप छोटा असावा. मी साधारण असा पाठवायची: ‘नमस्कार मॅडम, अमुक यांनी तुमचं नाव सुचवलं. मी क्यूसी लॅबमध्ये आहे आणि रेग्युलेटरी रायटिंगकडे वळण्याचा विचार करतेय. नोकरी मागायला हा निरोप नाही. तुमचं रोजचं काम कसं असतं ते समजून घ्यायला वीस मिनिटं मिळतील का? तुमच्या सोयीने फोन करेन.’ नोकरी मागत नाही हे वाक्य हवंच, आणि ते खरंही असायला हवं. बोलता बोलता सीव्ही पुढे सरकवू नका.

फोनवर ‘या क्षेत्रात स्कोप आहे का?’ असं विचारू नका. ‘काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलंत?’ असं विचारा. एका बाईंनी मला त्यांचा आदला दिवस तासातासाने सांगितला. सकाळी मुदतींच्या तक्त्यावर मीटिंग. मग संख्याशास्त्रवाल्यांकडून एक तक्ता मिळवण्यासाठी मागे लागणं. जेवणानंतर मसुद्यावरचे शेरे, त्यात एकाच वाक्यावर दोन वरिष्ठांचे उलटसुलट शेरे, म्हणून दोघांना एका कॉलवर आणून त्यांच्यात एकमत घडवणं. लिहायला बसल्या तेव्हा साडेतीन वाजले होते. ‘छान लिहिता येतं एवढ्यावर या कामात येऊ नका,’ त्या म्हणाल्या, ‘लोकांच्या मागे लागून त्यांच्याकडून काम काढून घेता येत असेल तर या.’ डिव्हिएशन रिपोर्टसाठी प्रॉडक्शन आणि स्टोअरवाल्यांच्या मागे लागण्यात माझा सगळा जन्म गेला होता. मला जमेल की नाही याचं उत्तर मला तिथे मिळालं, आणि ते कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नव्हतं.

आणखी दोन प्रश्न हमखास विचारा: इथे आलेली माणसं सोडून जातात ती कशामुळे? आणि माझ्यासारख्या बाहेरच्या कुणाला तुम्ही घेतलंय का, घेतलं असेल तर त्याच्याकडे काय होतं? या दुसऱ्या प्रश्नातून वहीतला तिसरा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेल्यासाठी त्या व्यवसायाला परवाना किंवा नोंदणी लागते का ते तुमच्या इथल्या नियामक संस्थेकडूनच पाहून घ्या. परवान्याच्या बाबतीत ऐकीव माहितीवर किंवा एआय चॅटबॉटवर विसंबू नका. चॅटबॉट वहीतली कामं वेगळ्या शब्दांत मांडायला आणि मुलाखतीचा सराव करायला चांगला. फक्त कंपनीची गोपनीय माहिती त्यात घालू नका.

फुकट किंवा स्वस्तात मिळणारा माणूस

एवढं करूनही समोर बसून ऐकणारं कोणी हवं असं वाटतंच, आणि त्यात गैर काही नाही. आधी हे दरवाजे ठोठावा.

सरकारी रोजगार सेवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४८ च्या ८८ क्रमांकाच्या कराराला ज्या देशांनी मान्यता दिली आहे, त्यांनी सार्वजनिक रोजगार सेवा विनामूल्य चालवायची असते. ती फक्त बेकार तरुणांसाठी असते अशी आपली समजूत असते, म्हणून नोकरीत असलेले तिकडे फिरकतच नाहीत. सल्लागाराच्या दर्जात फरक पडतो हे खरं, पण वहीतला नेमका प्रश्न घेऊन गेलात तर रिकाम्या हाताने सहसा परत येत नाही.

तुमचं जुनं कॉलेज किंवा विद्यापीठ. पुष्कळ ठिकाणी करिअर कक्ष माजी विद्यार्थ्यांनाही मार्गदर्शन करतो. किती वर्षांपर्यंत आणि फुकट की नाममात्र फीवर, ते विचारावं लागतं. आपण पास होऊन फार काळ लोटला म्हणून संकोचू नका. नाही म्हणाले तर माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेत मेंटॉर मिळतो का ते बघा. नव्या क्षेत्रातल्या व्यावसायिक संघटनेचीही अशी योजना असू शकते, आणि सभासद झाल्याशिवायही त्यांचे काही कार्यक्रम ऐकता येतात.

तुमची सध्याची कंपनी. कर्मचारी साहाय्य योजना (कंपनीच्या खर्चाने मिळणारं समुपदेशन) असेल तर तिच्यात करिअरविषयीच्या भेटी धरलेल्या असतात का ते करारपत्रात वाचा, आणि तिथे बोललेलं कुणापर्यंत जातं हे पहिल्या भेटीआधीच स्पष्ट विचारून घ्या. एचआरमधल्या ओळखीच्या माणसाकडे मन मोकळं करणं वेगळं, त्याची घाई करू नका. कपातीत नोकरी गेली असेल तर निरोपाच्या कागदांवर सही करण्याआधी नवी नोकरी शोधायला मदत करणारी आउटप्लेसमेंट सेवा मागा. तिचा खर्च कंपनी करते, आणि मागितल्याशिवाय ती मिळेलच असं नाही.

रिक्रूटरला मात्र सल्लागार समजू नका. त्याला पैसे कंपनी देते आणि तो कंपनीसाठी माणूस शोधतो. बाजारात कशाला मागणी आहे एवढं त्याच्याकडून जरूर ऐका. नोकरी लावून देण्यासाठी तुमच्याकडूनच नोंदणी फी मागणाऱ्यापासून लांब राहा. खासगी एजन्सीने कामगाराकडून पैसे घेऊ नयेत, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा करारही, काही ठरावीक अपवाद वगळता, सांगतो.

पैसे द्यायचेच तर

आधी आकडा ठरवा आणि तो वहीत लिहा. फोनवर गोड बोलणं ऐकल्यानंतर ठरवलेला आकडा नेहमी वाढलेला असतो.

बहुतेक देशांत ‘करिअर कोच’ म्हणवून घ्यायला कसलाही परवाना लागत नाही, म्हणून प्रशिक्षण विचारणं आपल्यावरच येतं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या तीन पायऱ्या आहेत, आणि त्यांना कोचिंगचा अनुभव लागतो तो अनुक्रमे १००, ५०० आणि २५०० तासांचा. यावरून तो माणूस तुमचं क्षेत्र जाणतो असं ठरत नाही, पण शिकून आलाय एवढं तरी कळतं. पहिल्या फोनवर विचारा: एकच भेट घेता येईल का? मधल्या वयात क्षेत्र बदललेल्यांसोबत काम केलंय का, आणि त्यातले शेवटी जागचे न हललेले किती? ऐपतीनुसार फी कमी होते का? तुमच्या हाताखाली शिकणारं कोणी आहे का? देखरेखीखाली काम करणारे शिकाऊ कौन्सेलर बऱ्याच कमी फीत भेटतात आणि मन लावून ऐकतात. गटात होणारी सत्रंही स्वस्त पडतात. ‘पॅकेजशिवाय नाही’, ‘आजच भरलंत तर सवलत’ किंवा ‘नोकरीची हमी’ यातलं एकही ऐकू आलं तर धन्यवाद म्हणून फोन ठेवा.

भेट ठरली की दोन दिवस आधी एक पान पाठवा. वर एक प्रश्न, खाली कामांची यादी, कुणाशी बोललात आणि काय कळलं, आणि तुमच्या अडचणी: किती महिने कमी पगारावर निभेल, कुठलं शहर सोडता येणार नाही, घरी कुणाकडे बघावं लागतं. माझा प्रश्न एवढाच होता: हा लॅबचा अनुभव सीव्हीच्या पहिल्या अर्ध्या पानावर कसा मांडू, म्हणजे वाचणाऱ्याला मी लेखनाच्या कामाची वाटेन? तासभर आम्ही त्याच अर्ध्या पानावर बसलो. उपकरणांची यादी खाली गेली, ऑडिटला दिलेली उत्तरं वर आली. ‘अनुभव’ या मथळ्याखालचं पहिलंच वाक्य बदललं: ‘तपासणी केली’च्या जागी ‘नियामक तपासणीसाठी लेखी खुलासे तयार केले’ आलं. दोन्ही खरंच होतं.

भेट संपण्याआधी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि पुढच्या महिन्यात करायच्या गोष्टी त्यांच्याकडूनच लिहून घ्या. त्यातली एक तरी प्रत्यक्ष काम करून बघण्याची असू दे: एखादा छोटा नमुना, सुट्टीच्या दिवशीचं स्वयंसेवी काम, फुकट ऐकता येणारा कोर्स. दुसऱ्या भेटीची तारीख तिथल्या तिथे घेऊ नका. आधी ती यादी पुरी करा, आणि त्यानंतरही अडलेला प्रश्न एका वाक्यात लिहिता आला तरच फोन करा.