एक गाणे, तीन मुद्रणे: मडी वॉटर्स कसे ऐकावेत

ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकी लोकसंगीताचे गायक-गिटारवादक मडी वॉटर्स यांची ओळख करून घ्यायची म्हटली की बहुतेक जण गाजलेल्या गाण्यांचा संच एका बैठकीत ऐकून संपवतात, आणि मग सगळी गाणी एकसारखीच वाटली अशी तक्रार करतात. त्यापेक्षा एकच गाणे धरून बसावे. ते त्यांच्या आयुष्याच्या तीन अगदी निरनिराळ्या टप्प्यांवर मुद्रित झालेले आहे, आणि ही तीन मुद्रणे हाताशी असली की मधली वर्षे आपोआप जागच्या जागी बसतात.

सुरुवात १९४१ च्या ‘आय बीज ट्रबल्ड’पासून करावी. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क हे ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी लोकसंगीत टिपत मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेल गावाजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर पोहोचले. तिथे कापसाच्या शेतात ट्रॅक्टर चालवणारे मॅकिन्ली मॉर्गनफील्ड, म्हणजेच मडी वॉटर्स, फावल्या वेळात आपल्याच घरात गाण्या-बजावण्याचा अड्डा चालवत. लहानपणी चिखलपाण्यात खेळणाऱ्या या नातवाला आजीने ‘मडी’ म्हणजे चिखलात माखलेला असे नाव पाडले होते, ते जन्मभर टिकले. जन्मसाल कुठे १९१३ तर कुठे १९१५ दिलेले आढळेल. ते स्वतः १९१५ सांगत, तर जुनी कागदपत्रे १९१३ कडे झुकतात. ऐकणाऱ्याने या घोळात फार वेळ घालवू नये.

पहिल्या फेरीत शब्दांकडे लक्षच देऊ नये, नुसती गिटार ऐकावी. ती एकटीच आहे, आणि विजेशिवायची आहे. उजवा हात खालच्या तारांवर ठेका धरून ठेवतो, तर डाव्या करंगळीत घातलेली स्लाइडची नळी वरच्या तारांवर घसरत राहते. गिटारच्या दांडीवरच्या पडद्यामागे, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीमागे, बोट दाबले तर ठरलेला सूरच निघतो, पण नळी दोन सुरांच्या मधल्या कोणत्याही जागी थांबू शकते. म्हणून ज्याला आपण मींड म्हणतो ती इथे जवळजवळ प्रत्येक ओळीत सापडेल. दुसऱ्या फेरीत गाण्याकडे वळावे. गळा ओळ सोडून देतो आणि तीच ओळ गिटार पुढे नेते, अशी जागा आली की दर वेळी बोटाने टेबलावर टिचकी मारावी. कडवे संपेपर्यंत लक्षात येते की गिटारची गाण्याला नुसती साथ नाही, तिचा संवादात अर्धा वाटा आहे.

लोमॅक्स यांनी पुढे वॉटर्स यांना तबकडीच्या दोन प्रती आणि वीस डॉलरचा धनादेश पाठवला. आपला आवाज बाजारातल्या तबकड्यांइतकाच चांगला वाजतो, हे त्यांना तेव्हा प्रथमच कानांनी कळले. १९४३ मध्ये मळा सोडून आगगाडीने ते शिकागोला गेले.

आता १९४८ चे ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ लावावे, आणि मध्ये दुसरे काहीही ऐकू नये. गाणे मुळात तेच आहे, परंतु गिटार विजेची झाली आहे आणि तिच्याखाली बिग क्रॉफर्ड यांचा उभा बास, म्हणजे खर्जातले मोठे तंतुवाद्य, दणदणीत चालतो. शिकागोतल्या मद्यालयांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच जात नसे, म्हणून वीज आली. कारण इतके साधे होते. परिणाम मात्र साधा नव्हता. ओळीच्या शेवटी सूर कसा संपतो एवढेच दोन्ही मुद्रणांत ताडून पाहावे: १९४१ मध्ये तो तारेवरून निघताच विरू लागतो, आणि १९४८ मध्ये तो हवेत टांगल्यासारखा राहतो, किंचित खरखरतो, आणि पुढचा शब्द त्याच्यावरच येऊन पडतो. अ‍ॅरिस्टोक्रॅट या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या लेनर्ड चेस यांना या गाण्याचा भरवसा नव्हता, पण पहिली खेप हातोहात संपली. हीच कंपनी १९५० पासून ‘चेस’ या नावाने चालू लागली.

इथे थोडा मोजण्याचा अभ्यास करावा. ब्लूजचे नेहमीचे आवर्तन चार-चार मात्रांच्या बारा खंडांचे असते, आणि नवा श्रोता बोटांवर बारा मोजत बसतो. १९५० च्या ‘रोलिन स्टोन’मध्ये हा हिशेब चालत नाही, कारण तिथे वॉटर्स एकटेच आहेत आणि जवळजवळ एकाच स्वरमेळावर (कॉर्डवर) हवे तितके रेंगाळतात. लंडनच्या ‘रोलिंग स्टोन्स’ या प्रसिद्ध बँडने आपले नाव याच गाण्यावरून घेतले. त्यानंतर १९५४ चे ‘हूची कूची मॅन’ मोजावे. विली डिक्सन यांच्या या रचनेत आवर्तन सोळा खंडांचे आहे. पहिल्या आठ खंडांत सारा वाद्यवृंद एक ठोसा देऊन गप्प होतो आणि त्या रिकाम्या जागेत गायक बोलतो. लिटल वॉल्टर यांचा हार्मोनिका, ओटिस स्पॅन यांचा पियानो आणि जिमी रॉजर्स यांची दुसरी गिटार असा हा संच होता, आणि माझ्या मते तो ब्लूजमधला सर्वांत शिस्तीचा संच होय. पायाने ठेका धरून शब्द कुठे पडतो ते पाहावे: आघातावर नव्हे, आघात होऊन गेल्यावर किंचित उशिराने. वॉटर्स यांची ही सवय इतकी पक्की होती की साथीदारांना त्यांच्यासाठी थांबायला शिकावे लागे.

पुढचा प्रवास झपाट्याने केला तरी चालेल. १९५८ च्या इंग्लंड दौऱ्यात विजेच्या गिटारचा आवाज ऐकून अनेक श्रोते बिचकले, कारण त्यांना मळ्यावरचा शांत गायक अपेक्षित होता. १९६० च्या अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातले मुद्रण पूर्ण ऐकावे. १९६४ मध्ये आलेल्या ‘फोक सिंगर’मध्ये ते पुन्हा साध्या गिटारकडे वळलेले दिसतात आणि सोबतीला तरुण गिटारवादक बडी गाय आहेत, आवाजातला श्वास ऐकायचा असेल तर हाच अल्बम घ्यावा. १९६८ चा ‘इलेक्ट्रिक मड’ मात्र शेवटी ठेवावा, कारण तो स्वतः वॉटर्स यांनाही आवडला नव्हता.

आता तिसरे मुद्रण. गिटारवादक जॉनी विंटर यांनी निर्मिती केलेला ‘हार्ड अगेन’ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याला ग्रॅमी मिळाले. त्यानंतर सहा वर्षांनी, ३० एप्रिल १९८३ रोजी, इलिनॉयमधील वेस्टमाँट येथे वॉटर्स यांचे निधन झाले. या अल्बममध्ये ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ पुन्हा आहे. तारांवर घसरणारी नळी इथे विंटर यांच्या बोटात आहे, त्यामुळे १९४१ च्या मुद्रणात टिचक्या मारल्या त्याच जागांवर आता दोन वेगळी माणसे एकमेकांना उत्तरे देतात. साठी ओलांडलेला आवाज जाड आणि निवांत झाला आहे. पायाने ठेका धरावा. शब्द अजूनही आघातानंतर किंचित उशिरानेच पडतो.