कुत्र्याचं पिल्लू घेताय? या चुका टाळा, आणि आधी त्याची आई बघा

आमचं पहिलं पिल्लू आम्ही पुण्यात कात्रजच्या पुढे एका पेट्रोल पंपावर घेतलं. विकणारा फोनवर म्हणाला होता, "ताई, घर जरा आत आहे, तुमची गाडी जाणार नाही, मीच बाहेर येतो." आम्हाला तो त्याचा चांगुलपणा वाटला. तो स्कूटरवरून आला. पायापाशी आंब्याची रिकामी पेटी, पेटीत जुन्या पेपरवर झोपलेलं लॅब्राडॉरचं पिल्लू, आणि अंगाला टाल्कम पावडरचा भपकारा. पावडर घाणीचा वास झाकायला असते हे तेव्हा कुठे ठाऊक! १२,००० रुपये रोख मोजले, लसीकरणाचं कार्ड घेतलं आणि धनकवडीपर्यंत मुलीने त्याला मांडीवर आणलं. तिसऱ्या दिवशी त्याने खाणं सोडलं, चौथ्या दिवशी रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो, पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणू. तीन दिवस सलाइन लावून बसलो, सातव्या दिवशी गेलं. विकणाऱ्याचा फोन दुसऱ्या दिवसापासूनच बंद होता.

तेव्हापासून ओळखीपाळखीत कुणाला पिल्लू घ्यायचं असलं की मला फोन येतो. नाव काय ठेवू, कुठलं फूड देऊ, सोसायटीवाले कटकट करतील का, असे शंभर प्रश्न असतात. माझा उलटा प्रश्न एकच: "आई पाहिलीस का?" कारण फसवण्याचे प्रकार पन्नास असतील, पण त्या पन्नासही प्रकारांत पिल्लाची आई तुमच्या नजरेआड ठेवावीच लागते.

"मी बाहेरच आणून देतो" याला हो म्हणणं

ही सगळ्यात मोठी चूक. बाकीच्या बऱ्याच चुका हिच्या पोटातून निघतात. आई का दिसत नाही, याची कारणं ठरलेली आहेत. आई गावाला आहे. आई अनोळखी माणसाला चावते. आईचं ऑपरेशन झालंय. पिल्लं मित्राची आहेत, मी फक्त विकून देतोय. ही शेवटची ओळ ऐकलीत की समजा तुम्ही दलालाशी बोलताय. त्याला स्वतःलाही आई माहीत नसते. पिल्लू कुठल्या तरी शेडमधून उचललेलं असतं आणि वाटेत चार ठिकाणच्या पिल्लांबरोबर एका पिंजऱ्यात राहिलेलं असतं. पार्व्हो तिथेच लागतो.

हुशार विकणारे मग कुठलीतरी मादी आणून उभी करतात. इथे थोडं बारकाईनं पाहा. सहा-आठ आठवडे पिल्लं पाजलेल्या मादीची आचळं ओघळलेली असतात, तिचा केस उतरलेला असतो, ती जरा खप्पड दिसते. बाळंतिणीसारखीच. अंगावर तकतकी, पोट सपाट, आचळं दिसतही नाहीत आणि "हीच आई" म्हणून सांगतायत, तर ती आई नाही. पिल्लं तिच्याजवळ सोडायला सांगा. आपल्या आईकडे पिल्लं धावतात, पोटाखाली घुसतात, ती गुरगुरून त्यांना बाजूला करते. दूध तोडायची वेळ झालेली असते. पिल्लं तिच्याकडे ढुंकून बघत नसतील तर उठा.

बाप तिथे नसेल तर मात्र घाबरू नका. मेटिंगसाठीचा नर, म्हणजे स्टड, बहुतेक वेळा बाहेरचाच असतो. त्याचा फोटो, नाव आणि मालकाशी बोलणं एवढं मिळालं तरी पुरे.

आणि जागा पाहा. एकाच ठिकाणी लॅब, पग, हस्की, शिह त्झू, रॉटवायलर अशा पाच-सहा जातींची पिल्लं "अव्हेलेबल" असतील तर ते दुकान आहे, मग बाहेर बंगल्याची पाटी का असेना. चांगल्या ब्रीडरकडे एक, फार तर दोन जाती असतात, आणि वर्षातले बरेच महिने त्याच्याकडे विकायला काहीच नसतं.

पस्तीस दिवसांचं पिल्लू घेणं

गुबगुबीत, तळहातावर मावणारं पिल्लू पाहून माणूस विरघळतो, म्हणून विकणाऱ्यालाही ते लवकर काढायचं असतं. शिवाय आठवडाभर जास्त ठेवलं की खाणं त्याच्या खिशातून. केंद्र सरकारचे श्वान प्रजनन व विक्रीचे नियम २०१७ पासून आहेत. त्यांच्यानुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी कारण साधं आहे: चावायचं किती आणि थांबायचं कुठे, हे पिल्लू भावंडांच्या कानांवर दात मारून शिकतं. लवकर उचललेली पिल्लं पुढे हातपाय फोडतात आणि मग मालक ट्रेनर शोधत फिरतात.

वय तोंडी सांगतील ते खरं मानू नका, ओठ वर करून दात बघा. आठ आठवड्यांच्या सुमाराला दुधाचे सगळे २८ दात आलेले असतात. पुढचे बारीक दात अजून हिरडीतून डोकावतच असतील, तर "दोन महिने पूर्ण" ही थाप आहे.

कार्ड वाचायचंच नाही

आमचं कार्ड मी पिल्लू गेल्यावर नीट पाहिलं. तीन तारखा, तिन्ही एकाच निळ्या जेल पेनने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या. त्याने सांगितलेल्या जन्मतारखेपासून मोजलं तर पहिली लस बाराव्या दिवशी दिली होती! त्या वयात पिल्लाचे डोळे नुकते कुठे उघडत असतात.

खऱ्या कार्डावर लसीच्या बाटलीवरून सोलून लावलेलं स्टिकर असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत. शेजारी डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. त्या क्लिनिकला तिथल्या तिथे फोन लावा. प्रामाणिक ब्रीडरला त्यात काही वाटत नाही, उलट तो स्वतःच नंबर देतो.

"सगळं व्हॅक्सिनेशन कम्प्लीट" हे दोन महिन्यांच्या पिल्लाबद्दल कुणी म्हणालं तर त्याला एकतर माहीत नाही किंवा तो खोटं बोलतोय. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण लसीच्या आड येतं, म्हणून पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत आणि पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत द्यावी लागते. रेबीजची तर तीन महिन्यांच्या आसपास. जंताचं औषध मात्र दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू झालेलं असायला हवं, त्याच्याही तारखा विचारा. महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना काढताना रेबीजच्या लसीचा दाखला लागतो, तेव्हा खोट्या कार्डाचं पितळ उघडं पडतं. पण तोवर वेळ गेलेली असते.

'पंच फेस, हेवी बोन' ऐकून भुलणं

"ताई, पेपरवालं पाहिजे की बिना पेपरचं?" हा प्रश्न आला की बऱ्याच जणांना वाटतं, पेपर म्हणजे गॅरंटी. केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था, तिचा कागद वंशावळ सांगतो: आई कोण, बाप कोण, आजोबा कोण. तब्येत सांगत नाही. लॅब किंवा जर्मन शेफर्ड घेताय तर आईबापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. या जातींत खुब्याचा दोष पिढीजात उतरतो आणि पाचव्या-सहाव्या वर्षी कुत्रं जिना चढेनासं होतं. कागद असलाच तर त्यावरचा मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर आणि पिल्लाच्या मानेत स्कॅनरला दिसणारा नंबर एकच आहे ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. "पेपर मागाहून कुरिअर करतो" म्हणालेले पेपर मी तरी अजून आलेले पाहिलेले नाहीत.

केनेल क्लबचा सभासद असणं आणि ब्रीडर म्हणून सरकारदरबारी नोंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नेमकी इथेच गल्लत करून दिली जाते. २०१७च्या नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि तो दाखला जागेवर लावावा लागतो. पुणेकरांना शंका आलीच तर राज्याचं पशुसंवर्धन आयुक्तालय औंधलाच आहे, चौकशीला मुंबई गाठावी लागत नाही. त्याच नियमांत मादीचीही मर्यादा आहे: दीड वर्षाच्या आत लावायची नाही, आयुष्यात पाचाहून जास्त वेतं नाहीत, आठ वर्षांनंतर तर नाहीच. "हिचं कितवं वेत?" असं सहज विचारा. उत्तर देताना माणूस घुटमळला की पुढचं विचारायची गरज नाही.

बाकी ते पंच फेस (चपटं तोंड), हेवी बोन (जाड हाड), डबल कोट (दाट केस), टी-कप, पॉकेट पॉम (इवलंसं कुत्रं) हे शब्द भाव चढवायला आहेत. टी-कप नावाची जातच नाही. ते बहुतेकदा अशक्त किंवा कमी दिवसांचं पिल्लू असतं. आपल्याकडे 'पॉमेरियन' म्हणून विकली जाणारी पांढरी पिल्लं बरीचशी इंडियन स्पिट्झ असतात. कुत्रं गुणी आहे, फक्त पैसे दुसऱ्या नावाचे का द्यायचे? आणि हस्कीबद्दल मी काही बोलणार नाही. एप्रिलमध्ये दुपारी लक्ष्मी रोडवर लोकरीचा कोट घालून फिरून या आणि मग ठरवा.

फोटो बघून अ‍ॅडव्हान्स पाठवणं

इथे पिल्लूच नसतं. भाव बाजाराच्या निम्म्याने कमी, फोटो परदेशी लॉनवरचे, आणि मालक नेहमी घाईत. कधी तो "आर्मीवाला" असतो, बदली झालीय. कधी "पैसे नकोत, फक्त चांगलं घर हवंय, ट्रान्सपोर्टचे तेवढे द्या" असं दत्तकाचं गोड बोलणं असतं. हे दुसरं जास्त वाईट, कारण यात भली माणसं फसतात. वाकडच्या एका मुलाने असेच आधी २,५०० पाठवले. मग लोहगाव विमानतळावरून म्हणे फोन आला: पिल्लू पोचलंय, पण एसी पिंजऱ्याचे ६,००० भरा, रिफंडेबल आहेत. मग इन्शुरन्सचे. मग "अभी नहीं भरा तो पपी मर जाएगा, केस आप पे होगा." चौथ्या हप्त्याला त्याने मला फोन केला.

फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा, तोच फोटो भलत्याच देशात सापडतो. व्हिडिओ कॉलवर पिल्लाशेजारी स्टीलची वाटी ठेवून वाजवायला सांगा. जुना व्हिडिओ दाखवणाऱ्याला ते जमत नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, त्यामुळे "रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणाला की फोन ठेवा. आणि गाडीने जाऊन बघता येत नाही इतक्या लांबचं पिल्लू घेऊच नका.

दयेपोटी विकत घेणं

हे लिहिताना मलाच कसंसं होतं. पिंजऱ्यात मरतुकडं पिल्लू दिसतं, वाटतं आपण नेलं तर वाचेल. ते कदाचित वाचेलही. पण रिकाम्या झालेल्या जागेसाठी मागे कुठल्याशा शेडमध्ये एका मादीला पुढच्याच माजावर पुन्हा लावलं जातं. पैसे देऊ नका. फोटो, जागा, तारीख नोंदवा आणि तक्रार करा. पिल्लाला घर द्यायचीच ओढ असेल तर पुण्यातल्या कुठल्याही पार्किंगमध्ये गावठी पिल्लं सापडतील, कागदाशिवाय आणि काटक.

झालं ते झालं, आता काय?

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येतात. लाज वाटून दोन दिवस घालवू नका. चॅट डिलीट करू नका.

आजारी पिल्लू घरी आलं असेल तर ताक, इसबगोल, माणसांची जुलाबाची गोळी यांतलं काही देत बसू नका. उलटी आणि जुलाब दोन्ही असतील तर त्याच दिवशी डॉक्टर. पार्व्होची विष्ठेची तपासणी क्लिनिकमध्येच काही मिनिटांत होते. त्या काळात दुसरं कुत्रं घरात आणू नका. हा विषाणू फरशीच्या फटीत, बागेच्या मातीत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फ्लोअर क्लीनरने मरत नाही. आधी घाण धुऊन काढा, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात घालून दहा मिनिटं ओलं ठेवा. आम्ही हे केलं, वर पुढे सात-आठ महिने थांबलो.

थांबलो ते एका अर्थी बरंच झालं. दुसरं पिल्लू निगडीच्या एका काकूंकडून घेतलं. त्यांनी आमचीच उलटतपासणी घेतली: घर स्वतःचं की भाड्याचं, कितवा मजला, लिफ्ट बंद पडली तर म्हातारं कुत्रं कोण उचलणार, मे महिन्यात गावाला जाता तेव्हा काय? पिल्लं नेमकी दिवाळीच्या आधी आठ आठवड्यांची झाली, तर म्हणाल्या, "फटाके संपल्याशिवाय देणार नाही, हवं तर दुसरीकडे बघा." पैसेही तेव्हाच घेतले. चिठ्ठीवर लिहून दिलं की कधीही सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं त्यांच्याकडेच परत यायचं, रस्त्यावर नाही आणि दुसऱ्याला नाही.

आज ती नऊ वर्षांची आहे. दर दिवाळीनंतर काकूंचा फोन येतो, "वजन किती भरलं?" मी दोन किलो कमी सांगते. त्या म्हणतात, "फोटो पाठव."