परसातल्या हौदात मासे पाळता? पानगळीत या चुका टाळा

मत्स्यहौदाबद्दलचे बरेच सल्ले थंड देशांतून येतात. तिकडे पानं ऑक्टोबरात गळतात, पुढे पाणी गार होत जातं आणि कुजण्याचा वेग मंदावतो. खानदेशात सगळंच उलटं. बदामाची लाल पानं थंडीतच पडू लागतात, निंब फेब्रुवारी-मार्चमध्ये झडतो, पिंपळ होळीच्या आगेमागे. आणि त्यांच्या पाठोपाठ जळगाव-भुसावळचा ४४-४५ अंशांचा उन्हाळा.

पानं कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. कोमट पाण्यात तो मुळातच कमी: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्यामुळे फेब्रुवारीत तळाला बसलेली टोपलीभर पानं मासे मारतात ती एप्रिलात. तोवर पानं कोणाच्या लक्षात नसतात. खापर उन्हावर फुटतं.

जाळी पाण्याला टेकवणे

सर्वात जास्त दिसणारी चूक. जाळी सैल बांधली की मधोमध झोळ पडतो, पानं त्यात साचतात आणि भिजत राहतात. त्यांचा अर्क चहासारखा खाली उतरतोच, मग जाळी लावून मिळवलं काय? मधे उंच आणि दोन्हीकडे उतार हवा, म्हणजे वाऱ्याने पानं घसरून बाहेर पडतील. आपल्याकडे ठिबकच्या जुन्या नळ्यांना तोटा नाही. १६ मिलिमीटरची लॅटरल एकटी लवते, पण आत बांबूची कामटी किंवा जाड तार सारली की छान कमान होते. तिच्यावर शेडनेट ताणून बांधा.

मासेमारीचं मोठ्या छिद्रांचं जाळं इथे कामाचं नाही. पिंपळाचं पान अडेल, निंबाची बारीक पानं सरळ आत जातात. आणि नेमका निंबच जास्त जपण्यासारखा, कारण त्यातली कीड मारणारी द्रव्यं जास्त प्रमाणात माशांनाही बाधतात. शिवाय सैल नायलॉन जाळ्यात धिवड अडकतो. बिनविषारी साप आहे, बिचाऱ्याला सोडवताना आपलीच धांदल होते.

रात्री कारंजं बंद करणे

विजेचं बिल आठवतं आणि झोपताना पंप बंद होतो. दिवसा शेवाळ आणि वनस्पती ऑक्सिजन सोडतात, रात्री त्याही तो वापरतात, म्हणून पहाटे पाण्यात तो सर्वात कमी असतो. एकच वेळ निवडायची तर रात्र निवडा, दुपार सोडा. पंपाच्या तोंडावरची जाळी मात्र पानगळीत रोज काढून धुवावी. पान चिकटलं की पंप नुसता घुरघुरतो.

एका दिवसात सगळा हौद उपसणे

तळात काळा गाळ, हलवला की बुडबुडे आणि सडक्या अंड्याचा वास: इथवर वेळ आली असेल तर खराटा घालून ढवळू नका. गाळातला विषारी वायू एकदम पाण्यात मिसळतो. वरची पानं आधी झाऱ्याने काढा, मग थोडा थोडा गाळ पाइप लावून ओढून घ्या, दर खेपेला पाव हौद पाणी बदला. नळाचं पाणी एक दिवस उघड्या टाकीत ठेवून क्लोरीन उडू द्या. बोअरचं पाणी उंचावरून धार धरून सोडा, त्यात ऑक्सिजन कमी असतो.

हिरवं पाणी पाहून मोरचूद टाकणे

शेतकऱ्याच्या घरात मोरचूद असतोच, आणि शेवाळ मरतंही. पण त्याचं तांबं माशांना घातक, आणि मेलेलं शेवाळ पुन्हा तळाशी कुजतं. पानांतून सुटलेल्या पोषकद्रव्यांवरच ते वाढलं होतं, म्हणजे मूळ जागच्या जागी.

खूण ओळखताना गोंधळ

पाणी नुसतं तांबूस झालं तर घाबरू नका, बदामाची दोन-चार पानं तर मासे पाळणारे मुद्दाम टाकतात. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडत असतील आणि ऊन चढल्यावर सावरत असतील, तर ऑक्सिजनची कमतरता आहे: खाद्य थांबवा, पंप चालू ठेवा. दिवसभर तसंच चालू राहिलं तर अमोनियाची शंका घ्या आणि त्याच दिवशी पाव पाणी बदला.

काढलेली पानं हौदाच्या कडेला ढीग करून ठेवू नका, संध्याकाळच्या वाऱ्यात पुन्हा आत येतात. ओली पानं खड्ड्यात, निंबाची कोरडी वेगळी. गव्हाच्या कोठीत घालायला ती लागणारच आहेत.