कादंबरीत बोलतं कोण? संगणकाच्या मदतीने साहित्य कसं अभ्यासावं

एका जुन्या कादंबरीवर काम करताना मला एक साधी गोष्ट हवी होती: या पुस्तकात बायका किती बोलतात? वाचताना जाणवत होतं की पहिल्या निम्म्या भागात घरातल्या बायकांचे आवाज सतत कानावर पडतात आणि पुढे ते विरत जातात. पण ‘जाणवत होतं’ एवढ्यावर लेख लिहिता येत नाही. म्हणून ४०० पानं पुन्हा पेन्सिल घेऊन चाळण्याऐवजी मी संगणकाला ‘म्हणाली’ हा शब्द मोजायला लावला. उत्तर आलं: शून्य.

पुस्तकात छापलं होतं ‘ह्मणाली’. त्या काळी तसंच छापत. डोळ्यांनी वाचताना मी तो शब्द शेकडो वेळा ‘म्हणाली’ असाच वाचला होता. संगणकाने मात्र समोर जे होतं तेच पाहिलं. ही साधनं वापरायला शिकायचं म्हणजे मुख्यतः हा फरक ओळखायला शिकायचं. तेव्हा हाच प्रश्न धरून सगळी वाट चालून बघू. तुमचं पुस्तक आणि तुमचा प्रश्न वेगळा असेल, पायऱ्या त्याच राहतील.

पहिली पायरी: प्रश्न शब्दांत उतरवा

‘या लेखकाची शैली कशी आहे’ हा प्रश्न मोजता येत नाही. ‘स्त्री-पात्रं किती बोलतात’ हाही अजून येत नाही. पानावर दिसणारी खूण कोणती, ते शोधावं लागतं. इथे मराठी आपल्याला मोठी मदत करते, कारण क्रियापदच लिंग सांगतं: म्हणाला, म्हणाली. सर्वनाम किंवा नाव शोधत बसावं लागत नाही. तुमच्या प्रश्नासाठी अशी खूण कुठे आहे, हे फाइल उघडण्याआधी कागदावर लिहून काढा, आणि ती खूण कुठे फसवेल तेही लिहा. उदाहरणार्थ, ‘तिने म्हटलं’ आणि ‘त्याने म्हटलं’ यांत क्रियापद लिंग सांगत नाही. म्हणजे तेवढी वाक्यं नुसत्या ‘म्हणाली’च्या मोजणीतून निसटणार.

दुसरी पायरी: संहिता मिळवा आणि धुऊन घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो जायलाच हवा. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं मराठी विकिस्रोतावर टंकलिखित रूपात मिळतात. ती मिळाली तर अर्धं काम झालं. नसेल तर स्कॅन केलेल्या पानांवरून अक्षरओळख करून घ्यावी लागते. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी वाचतं, गूगल ड्राइव्हवरही ती सोय आहे. जुन्या छपाईत ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, ‘थ’चा ‘य’ होतो आणि अनुस्वार गळतात. वेगवेगळ्या प्रकरणांतली पाच पानं काढून मूळ छापील पानाशी ओळ न् ओळ ताडून पाहा. दर पानाला किती चुका सापडतात, ते लिहून ठेवा. तो आकडा फार असेल तर पुढची मोजणी करू नका, आधी मुद्रितशोधन करा.

फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर ती दिसायला मराठी असते, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. आधी ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, रूपांतरित करा आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, यूटीएफ-८ पद्धतीने (साठवतानाच्या ‘एन्कोडिंग’च्या पर्यायांत हे नाव असतं) साठवा.

आता बारकावे. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ हे दोन शब्द नीट पाहा. बहुतेक फाँटमध्ये फरक दिसणार नाही, पण त्यातल्या अर्ध्या ‘र’च्या टंकलेखनाच्या पद्धती दोन आहेत. एकीत नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरलेला आहे. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर झीरो-विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह आहे. संगणकासाठी हे दोन वेगळे शब्द झाले. त्यातही जॉइनर हे ना अक्षर ना मात्रा, त्यामुळे काही साधनं शब्द तिथेच तोडतात. शोधा-आणि-बदला वापरून सगळीकडे एकच पद्धत ठेवा.

शुद्धलेखनाचंही तसंच. १९६२ च्या नियमांनी बरेच अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकात ‘तें’, ‘असें’, ‘घरांत’ भेटणार, नंतरच्यात ‘ते’, ‘असे’, ‘घरात’. दोन काळांतली पुस्तकं शेजारी ठेवून तुलना केलीत तर लेखकांऐवजी नियमांचीच तुलना होऊन बसेल. यावर माझा उपाय असा: मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत काढायची, त्या प्रतीत लेखन एकसारखं करायचं आणि काय काय बदललं याची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची. पण सरसकट सगळे अनुस्वार पुसून टाकू नका. ‘मुलाना’ असा शब्द मराठीत नाही, आणि ‘घरांत’ म्हणजे कधी एका घरात, कधी अनेक घरांमध्ये. ‘ह्म’चा ‘म्ह’ करतानाही ‘ब्रह्म’ आणि ‘ब्राह्मण’ वाचवावे लागतात. एक-एक बदल डोळ्यांखालून घाला.

शेवटी प्रस्तावना, प्रकाशकाची पानं, प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापलेलं पुस्तकाचं नाव आणि पृष्ठांक काढून टाका. हे राहिलं तर शीर्षकातला शब्द लेखकाचा सर्वांत लाडका शब्द ठरतो.

तिसरी पायरी: साधन निवडा, आणि आधी त्याचीच परीक्षा घ्या

सुरुवातीला दोन साधनं पुरेत. व्हॉयंट टूल्स ब्राउझरमध्येच चालतं. स्टेफान सिंक्लेअर आणि जेफ्री रॉकवेल यांनी ते बनवलं आहे, मोफत आहे. मजकूर चिकटवायचा, बटण दाबायचं, की वारंवारता, आलेख, संदर्भ असं सगळं एका पडद्यावर येतं. दुसरं अँटकाँक. जपानमधल्या वासेदा विद्यापीठातले लॉरेन्स अँथनी यांनी तयार केलेलं हे साधन उतरवून आपल्या संगणकावर चालवायचं असतं. हक्क शिल्लक असलेलं पुस्तक संकेतस्थळावर चढवण्यापेक्षा ते अँटकाँकमध्ये अभ्यासावं. पहिल्या दिवशी व्हॉयंटवर फिरून या, खरं काम अँटकाँकवर करा, असं मी शिकवताना सांगते.

कोणतंही साधन घेतलंत तरी आधी पाच-सहा ओळींची चाचणी-फाइल द्या. तिच्यात ‘प्रेम’, ‘म्हणाली’, ‘दुसऱ्या’, ‘दुःख’ असे शब्द ठेवा आणि शब्दयादी काढून बघा. यादीत ‘प्रेम’ एक शब्द म्हणून दिसला तर ठीक. ‘प’, ‘र’, ‘म’ असे तीन तुकडे दिसले तर साधन मात्रा आणि हलन्त यांना शब्दाचा भाग मानत नाही. युनिकोडमध्ये आपली व्यंजनं ‘लेटर’ या वर्गात आहेत, काना-मात्रा-वेलांट्या-हलन्त ‘मार्क’ या वर्गात. अँटकाँकमध्ये कॉर्पस (अभ्यासायच्या फाइलींचा संच) तयार करतानाच टोकन डेफिनिशनमध्ये, म्हणजे ‘शब्द कशाला म्हणायचं’ या सेटिंगमध्ये, दोन्ही वर्ग निवडलेले आहेत ना, हे पाहावं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे अक्षरांचा नमुना लिहून, शब्द तोडणाऱ्यांनाही हाच खड्डा लागतो. तिथे देवनागरीचा पूर्ण पल्ला स्वतः लिहून द्यावा.

आणखी एक. हल्ली मजकूर चॅटबॉटला देऊन ‘हा शब्द किती वेळा आला’ असं विचारतात. तसं करू नका. तो मोजतोच असं नाही, पण आकडा मात्र ठामपणे सांगतो.

चौथी पायरी: शब्दयादी, आणि गाळायचे शब्द

यादी काढली की वरती ‘आणि’, ‘तो’, ‘ती’, ‘आहे’, ‘पण’, ‘म्हणून’ अशी मंडळी दिसतील. बहुतेक मार्गदर्शक सांगतात, हे शब्द गाळणीच्या यादीत टाका. शब्दांचं ढगचित्र काढायचं असेल तर जरूर टाका. अभ्यासासाठी मी आधी ते ठेवते. आपला सगळा प्रश्नच ‘तो’ आणि ‘ती’चा असेल, तर गाळणी नेमकं हवं तेच फेकून देईल.

रोबेर्तो बुसा या इटालियन जेसुइट धर्मगुरूंची गोष्ट इथे आठवते. थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञांच्या लेखनातली ‘उपस्थिती’ची कल्पना अभ्यासताना त्यांच्या लक्षात आलं, की ती कल्पना मोठ्या शब्दांपेक्षा ‘इन’ (‘मध्ये’) या इवल्याशा लॅटिन शब्दात जास्त आहे. ते सगळे ‘इन’ गोळा करायचे म्हणून १९४९ साली ते आयबीएमकडे गेले. पंचकार्डांपासून (भोकं पाडून माहिती नोंदवायच्या पुठ्ठ्याच्या कार्डांपासून) सुरू झालेल्या त्या शब्दसूचीचे पुढे ५६ छापील खंड झाले. मराठीत त्या ‘इन’ची जागा ‘-त’ घेतो आणि नामाला चिकटून बसतो: घरात, मनात, डोळ्यांत. ‘च’ आणि ‘ही’सुद्धा असेच चिकटतात. शब्दयादीत ते स्वतंत्र दिसणार नाहीत, शोधावेच लागतील.

पाचवी पायरी: शोधायचा शब्द पूर्ण पसरा

मराठीत शब्द एका रूपात राहत नाही. ‘दार’ शोधलंत तर ‘दारात’, ‘दाराशी’, ‘दारी’ सुटतात. ‘दार*’ असं तारांकित (तारा म्हणजे ‘पुढे काहीही चालेल’) शोधलंत तर ती सापडतात, पण सोबत ‘दारू’, ‘दारुण’ आणि ‘दारोदार’ही येतात. ‘पाणी*’ लिहिलंत तर ‘पाण्यात’ येतच नाही. तेव्हा रूपं हातानेच लिहा आणि मध्ये ‘किंवा’ या अर्थाची उभी रेघ घाला: दार|दारा*|दारी|दारे*|दारं. आमच्या प्रश्नासाठी ‘म्हण*’ निरुपयोगी, कारण ‘म्हणून’ आणि ‘म्हणजे’ यांचा पूर येतो. ‘म्हणाली*’ आणि ‘म्हणाला*’ नेमके बसतात.

सहावी पायरी: संदर्भ-ओळी वाचा

आता शब्द मधोमध आणि दोन्ही बाजूंना त्याचा शेजार, अशा ओळी उघडा. अँटकाँकमध्ये त्यासाठी ‘केडब्ल्यूआयसी’, व्हॉयंटमध्ये ‘कॉन्टेक्स्ट्स’. ‘म्हणाले’ या रूपाच्या ओळी काहीशा अशा दिसतील:

वडील शांतपणे | म्हणाले, | आता निघायला हवं
गावातले लोक | म्हणाले, | ही कुठे जाणार
मी घाबरतच | म्हणाले, | मला नाही जायचं

क्रियापद तेच, पण पहिल्या ओळीत आदरार्थी पुरुष, दुसऱ्या ओळीत अनेकवचन आणि तिसऱ्या ओळीत स्वतःविषयी सांगणारी स्त्री. आकड्यात हे तिन्ही एक होतात. ओळी वाचल्याशिवाय ‘म्हणाले’चा एकही आकडा वापरू नका. डाव्या शब्दाप्रमाणे ओळी लावल्या की ‘मी’ एका ठिकाणी गोळा होतात आणि काम हलकं होतं. ओळी शंभर-दोनशे असतील तर सगळ्या वाचा. हजारो असतील तर दर दहावी ओळ घेऊन हाताने वर्गवारी करा. मला या कामात सर्वांत जास्त आनंद इथेच मिळतो. पुस्तक पूर्वी पाचदा वाचलेलं असतं आणि तरी एक शब्द धरून उभं वाचताना ते नवं वाटतं.

सातवी पायरी: पसरण आणि तुलना

व्हॉयंटच्या ‘ट्रेंड्स’मध्ये एकच पुस्तक घातलं तर ते आपोआप दहा सारख्या भागांत विभागलं जातं आणि शब्दाचा चढउतार दिसतो. अँटकाँकमधल्या ‘प्लॉट’मध्ये तोच पट्टीवरच्या रेघांसारखा दिसतो.

दोन पुस्तकं तुलनेला घेतलीत तर नुसते आकडे शेजारी ठेवू नका. समजा ६०,००० शब्दांच्या कादंबरीत ‘म्हणाली’ १८० वेळा आहे आणि १,२०,००० शब्दांच्या कादंबरीत २४० वेळा. दर दहा हजारांना हिशेब केला की पहिलीत ३०, दुसरीत २०. शब्दवैविध्याचं गुणोत्तर (वेगवेगळे शब्द भागिले एकूण शब्द) तर वेगवेगळ्या लांबीच्या पुस्तकांत तसंच ताडून पाहताच येत नाही, कारण मजकूर वाढत गेला की नवे शब्द कमी कमी येतात. सारख्या लांबीचे तुकडे पाडून मगच मोजा.

लेखक ओळखण्याचं शास्त्र हा वेगळा आणि मोठा विषय आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ टोपणनावाने लिहिलेल्या फेडरलिस्ट निबंधांपैकी वादग्रस्त १२ निबंध मॅडिसनचे की हॅमिल्टनचे, यावर मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली ‘अपॉन’सारख्या किरकोळ शब्दांच्या प्रमाणावरून मॅडिसनच्या बाजूने निष्कर्ष काढला. आर या संख्याशास्त्रासाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतलं ‘स्टायलो’ हे पॅकेज आज असं काम करून देतं. मराठीत करायचं तर ‘आणि’, ‘व’, ‘नि’ यांची निवड लेखकाची की संपादकाची, हे आधी पाहावं लागेल. शक्य असेल तर पहिल्या आवृत्त्याच घ्याव्यात.

आठवी पायरी: नोंद ठेवा

कोणती आवृत्ती, काय बदललं, कोणतं साधन आणि त्याची कितवी आवृत्ती, कोणता शोध जसाच्या तसा, किती ओळी वाचल्या. एवढं लिहिलेलं असलं की सहा महिन्यांनी तुम्ही स्वतः किंवा दुसरं कुणी तीच मोजणी पुन्हा करू शकतं.

माझ्या त्या कादंबरीत लेखन एकसारखं केल्यावर ‘म्हणाली’चा आलेख मध्यानंतर खरोखरच खाली गेला. वाटलं होतं तेच दिसलं म्हणून मी तिथे थांबणार होते. पण उत्तरार्धातल्या उरलेल्या ओळी वाचताना एकाच शब्दाकडे सारखं लक्ष जाऊ लागलं: ‘पत्र’. मग ‘लिहि*|लिही*’ असा शोध दिला. घर पांगलं होतं आणि त्या बायका एकमेकींना पत्रं लिहीत होत्या, पानंच्या पानं. त्या मजकुरात ‘म्हणाली’ येण्याचं कारणच नव्हतं. मी ती पत्रं वेगळ्या फाइलमध्ये काढली आणि मोजणी पहिल्यापासून सुरू केली.