यादी, शपथपत्र आणि चार बटणं: गल्लीतल्या मतदारांना तयार कसं करायचं

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. निवडणूक लागली की मतदार यादीपासून उमेदवारी अर्जापर्यंत सगळे कागद माझ्या काउंटरवरून जातात, त्यामुळे लोक कुठं अडतात ते रोज दिसतं. कोल्हापूर महापालिकेची निवडणूक २०१५ नंतर एकदम २०२६ च्या जानेवारीत झाली. त्यातली शेवटची पाच वर्षं प्रशासकाची. तोवर एकेका नगरसेवकाचे ८१ वॉर्ड जाऊन २० प्रभाग झाले होते. दुकानात पहिला प्रश्न यायचा तो "माझा प्रभाग कुठला?" हाच. मत कुणाला, हे फार पुढचं. तेव्हा गल्लीतल्या काही जणांनी मिळून शेजारपाजाऱ्यांना तयार करायचं काम आम्ही अंगावर घेतलं. ते कसं करायचं ते सांगतो. जिल्हा परिषद असो की ग्रामपंचायत, थोड्या फरकानं हेच चालतं.

आधी माणसं निवडा. जो एखाद्या उमेदवाराच्या स्लिपा वाटतोय, त्यानं या कामात येऊ नये. तालमीत शेजारी बसणारी माणसं वेगवेगळ्या उमेदवारांची असतात, त्यात गैर काही नाही. पण माहिती सांगणारा कुणाच्या जेवणावळीला जाऊन आला हे पेठेत तासाभरात कळतं, आणि मग त्याचा कागद कुणी हातात घेत नाही. आमच्यात दोन निवृत्त शिक्षिका, एक कॉलेजचा पोरगा आणि बचत गटाच्या एक काकू होत्या. एवढे पुरतात.

आता वेळेचं. गेल्या खेपेला उमेदवारांची अंतिम यादी ३ जानेवारीला लागली आणि मतदान १५ तारखेला. म्हणजे बारा दिवस, त्यात भोंगे, पदयात्रा आणि संक्रांत. तेवढ्या दिवसांत उमेदवारांची माहिती कशीबशी होते, बाकी काही होत नाही. म्हणून प्रारूप मतदार यादी लागेल त्या आठवड्यात कामाला लागा.

यादीचा मामला लोकांना ठाऊक नसतो. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण तो वेगळी यादी करत नाही. विधानसभेची यादी घेऊन तीच प्रभागवार फोडली जाते, शहरात मुख्यतः कोल्हापूर उत्तर आणि दक्षिणची. त्यासाठी एक तारीख धरतात. २०२६ च्या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यात नाव नसलेला माणूस नंतर कितीही धावला तरी त्याला मत देता आलं नाही. हरकतीच्या मुदतीत फक्त फोडताना झालेल्या चुका दुरुस्त होतात: नाव भलत्याच प्रभागात जाणं, विधानसभेच्या यादीत असून प्रभागाच्या यादीत नसणं, लिहिताना झालेली चूक. नवीन नावासाठी नमुना ६ आणि पत्ताबदल किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८ हे निवडणूक नसतानाच भरून घ्यायचे. शंका असेल तर १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन लावा.

आम्ही यादीच्या झेरॉक्स काढून गल्लीप्रमाणे वाटून घेतल्या आणि रविवारी सकाळी दारोदार गेलो. उंबऱ्यावर उभं राहून घरातली नावं मोठ्यानं वाचायची. शिसपेन्सिलीनं तीन खुणा करायच्या: मयत, गाव सोडून गेलेले, आणि राहतात इथं पण यादीत नाहीत. ही तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची, आणि ती बहुतेक सुनांच्या नावापुढं येते. लग्न होऊन सहा-सात वर्षं झालेली असतात, आधार कार्डावर सासरचं नाव आलेलं असतं, रेशन कार्डावर आलेलं असतं, पण मतदार यादीत ती अजून गडहिंग्लजला माहेरीच असते. एका आक्कांना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि मी दर वेळेला आमच्यांना म्हणतोय, तुम्ही जावा, माझी चिठ्ठी न्हाई आली." चिठ्ठी आली नाही म्हणजे मत नाही, असं समजून घरी बसलेल्या बायका प्रत्येक गल्लीत सापडतील. त्यांच्यासाठी नमुना ८ तिथल्या तिथं भरून द्या, पुढच्या खेपेला तरी नाव येईल.

शहराला लागून राहणाऱ्यांचं वेगळं. महापालिका १९७२ ला झाली, आणि हद्दवाढीचं भिजत घोंगडं तेव्हापासूनचं. त्यामुळे पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, कळंब्याची माणसं रोज शहरात कामाला येतात, पत्ता सांगताना कोल्हापूर सांगतात, पण त्यांचं मत ग्रामपंचायतीला, पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेला. दुकानात असं कुणी आलं की आधी घरफाळा कुठं भरता ते विचारायचं. पावती ग्रामपंचायतीची असेल तर महापालिकेचा प्रभाग शोधत बसायला नको.

यादी हातावेगळी झाली की नगरसेवकाच्या अखत्यारीत काय येतं ते सांगा. पाणी, गटार, रस्ते, दिवाबत्ती, कचरा, घरफाळा, महापालिकेच्या शाळा, केएमटीच्या शहर बस, अग्निशमन हे महापालिकेचं. वीजबिल महावितरणचं, रेशन कार्ड पुरवठा खात्याचं. एवढं एका कागदावर लिहून तालमीच्या फळ्यावर लावलं तरी फरक पडतो. वीजबिल कमी करून देतो म्हणणाऱ्या उमेदवाराला मग लोकच विचारतात, ते कसं काय?

त्यावरून गल्लीचे प्रश्न काढा. एका गल्लीचे तीन, जास्त नाहीत. "विकास कसा करणार" असला प्रश्न नको, त्याला भाषण मिळतं. काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन होऊनही आमच्या चढावरच्या घरांना पाणी कमी दाबानं का येतं? जयंती नाल्याचं सांडपाणी पंचगंगेत जाऊ नये म्हणून सभागृहात काय मागणार? २०१९ आणि २०२१ च्या पुरासारखं पाणी सुतारवाड्यात पुन्हा शिरलं तर तिथल्या माणसांना कुठं आणि कधी हलवणार? उमेदवार पदयात्रेत दारात येतो तेव्हा त्याला दोनच मिनिटं असतात. तेवढ्यात एकानं प्रश्न विचारायचा, दुसऱ्यानं वहीत उत्तर, तारीख आणि उमेदवाराचं नाव लिहायचं. प्रत्येकाला तेच तीन प्रश्न, त्याच शब्दांत. वही काउंटरवर ठेवली की लोक येऊन वाचतात.

आधी निवडून आलेला माणूस परत उभा राहणार असेल तर त्याच्या काळातली कामं माहिती अधिकारात मागवा. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. हिशेब करा: उमेदवारांची अंतिम यादी लागल्यावर अर्ज टाकला तर उत्तर निकालानंतर येणार.

आता शपथपत्र. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा. प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं: गुन्हे, स्थावर-जंगम मालमत्ता, कर्ज, शिक्षण. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात ती पाहायला मिळतात. एका प्रभागात पंधरा-वीस उमेदवार म्हटले तरी कागदांचा ढीग होतो, तो कुणी वाचत नाही. फुलस्केप आडवा धरून तक्ता करा: उमेदवार, शिक्षण, व्यवसाय, मालमत्ता, देणी, गुन्हे. क्रम मतपत्रिकेवरचाच ठेवा, अपक्षांना वगळू नका, आणि स्वतःचा एकही शेरा लिहू नका.

गुन्ह्यांच्या रकान्यात फार जपून. नुसतं "२ गुन्हे" लिहिलं तर अन्याय होतो. कोल्हापूर हे आंदोलनांचं गाव. टोलच्या लढ्यात कितीतरी साध्या माणसांवर गुन्हे दाखल झाले. म्हणून कलम लिहा आणि त्याचा अर्थ शेजारी मराठीत लिहा. जुन्या भारतीय दंड संहितेचं १४३ म्हणजे बेकायदा जमाव, हे रस्त्यावर बसलेल्यालाही लागतं. ४२० म्हणजे फसवणूक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे नव्या गुन्ह्यांत आकडे वेगळे दिसतील: बेकायदा जमावाला १८९, फसवणुकीला ३१८. पुढं खटला चालू आहे की शिक्षा झाली आहे तेही लिहा. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि प्रचारात नेमकं तेच पुसलं जातं. तक्ता लावायच्या आधी दोघांनी मूळ कागदाशी ताडून बघा. आमच्या शिक्षिकाबाई एक वाचायच्या, दुसऱ्या बोट ठेवून तपासायच्या, दहावीचे पेपर तपासताना करतात तसं.

शेवटचा भाग यंत्राचा. एका प्रभागात चार जागा, अ, ब, क, ड, एका प्रभागात तर पाच. म्हणजे मतं चार द्यायची, प्रत्येक जागेला एक. जुन्या माणसांना एक बटण दाबून बाहेर पडायची सवय. पुठ्ठ्यावर चार वेगळ्या रंगांचे कागद चिकटवा, त्यावर खऱ्या उमेदवारांची नावं किंवा चिन्हं अजिबात नकोत. आंबा, पेरू, केळं, चिक्कू चालतील. बाटलीची झाकणं चिकटवून बटणं करा. गल्लीतल्या आजींना प्रत्यक्ष दाबायला लावा. चारही झाल्याशिवाय यंत्राचा लांब आवाज येत नाही आणि मत पुरं होत नाही, हे त्यांच्या हाताला कळलं पाहिजे. एखाद्या जागेचं कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचं 'नोटा' दाबायचं. एकाच जागेच्या दोघांना मत देता येतं का, हे हमखास विचारतात. येत नाही. जिल्हा परिषदेला दोन मतं असतात, एक जिल्हा परिषदेच्या गटाचं, एक पंचायत समितीच्या गणाचं. तिथं पुठ्ठ्यावर दोनच कागद लावा.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी फक्त केंद्र आणि ओळखपत्र एवढंच सांगायचं. मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट यांतलं एक घ्यायला सांगा. नुसत्या चिठ्ठीवर मत देता येत नाही. मोबाईल घरी ठेवायला सांगा. तुमचा तक्ता आणि वही घेऊन केंद्राजवळ उभं राहू नका. शंभर मीटरच्या आत प्रचार समजला जाईल असं काहीही चालत नाही. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी दोन रिक्षा आधीच सांगून ठेवा, भाडं गल्लीच्या वर्गणीतून द्या आणि रिक्षावर कुणाचंही चिन्ह नाही हे निघायच्या आधी बघून घ्या.